मंद फिरणारे इंजिन आणि मोटारीचा स्टार्टर

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना किंचित् आश्चर्य वाटेल. खटाव तालुक्यासारख्या अवर्षणग्रस्त मुलखातून बोलावयाचे आणि विषय निवडावयाचा तो वेगवान दोन-आसनी मोटारीचा, हे वरवर पाहता विसंगत दिसते. परंतु वडूजच्या पंचक्रोशीत यंत्र सुरू करण्याची विद्या काही नवीन नाही. विहिरीवरील तेलाचे इंजिन हाताने फिरवून सुरू करण्यात येथील शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या. ज्या औंध संस्थानात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना वसविला, त्या संस्थानची राजधानी औंध आज याच खटाव तालुक्यात मोडते. तेव्हा इंजिन सुरू का होत नाही, या प्रश्नाचा विचार येथे बसून केला तर तो अस्थानी होणार नाही.

प्रथम शेतकऱ्याच्या इंजिनाकडेच पाहू. हँडल मारणारा मनुष्य आधी एक लहानशी तरफ उचलून धरतो. त्यामुळे झडप उघडी राहते, आतील हवा दाबली जात नाही, आणि जड चाक हळूहळू वेग घेते. पुरेसा वेग आला की तो तरफ सोडून देतो. चाकात साठलेल्या वेगाच्या जोरावर पिस्टन हवा दाबून वर जातो आणि इंजिन धडधडू लागते. तरफ लवकर सोडली तर चाक मध्येच अडते आणि सारे श्रम वाया जातात. या साध्या क्रियेत आपल्या विषयाचे सारे मर्म आले आहे. इंजिन नुसते फिरून भागत नाही. ते एका ठराविक वेगापेक्षा अधिक वेगाने फिरले पाहिजे.

मोटारगाडीतही प्रारंभी हँडलच मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे, कित्येकांचे जबडेही फुटत. या जाचातून सुटका केली ती अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या यंत्रज्ञाने. त्याने विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम बसविला गेला. त्यापूर्वी केटरिंगने दुकानातील रोकड नोंदविणाऱ्या यंत्रासाठी विजेची मोटार योजिली होती. काही क्षणच चालावयाच्या मोटारीवर तिच्या नेहमीच्या शक्तीच्या कितीतरी पट भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्याने तेथे ओळखले होते. आजही आपल्या गाडीतील स्टार्टर, ज्याला आपले मिस्त्री ‘सेल्फ’ म्हणतात, तो याच तत्त्वावर चालतो. तो थोडा वेळ अतोनात राबतो आणि मग स्वस्थ बसतो.

अतोनात म्हणजे किती? चार सिलिंडरांच्या साधारण इंजिनास फिरविताना स्टार्टर सुमारे १५० अँपिअर प्रवाह ओढतो. दाब १० व्होल्ट धरला तर ही १५०० वॉट, म्हणजे सुमारे दोन अश्वशक्ती झाली. घरातील दिव्याला जेथे अर्धा अँपिअरही लागत नाही, तेथे ही १५० अँपिअरची धार किती प्रचंड आहे हे ध्यानात येईल. आणि येथेच बहुतेक दोषांचे मूळ असते. जेथे प्रवाह एवढा मोठा, तेथे अत्यल्प रोधही मोठे नुकसान करतो. एका ओहमचा शंभरावा भाग हा रोध साधारण मीटरवर दिसतही नाही; पण १५० अँपिअरच्या वाटेत तो आला की दीड व्होल्ट गिळून टाकतो. स्टार्टरची शक्ती स्थूलमानाने दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब पंचमांशाने घटला की शक्ती तृतीयांशाहून थोडी अधिकच घटते. पाटाला वाटेत एखादे भगदाड पडले की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, मग विहीर कितीही भरलेली असो. तसाच हा प्रकार आहे.

इंजिन मंद फिरते आहे हे ओळखण्यास उपकरण लागत नाही, कान पुरतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्यास दोन वेळा मिश्रण दाबले जाते. निरोगी इंजिन मिनिटास दोनशेच्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदास सहा-सात ठोके पडतात. ते कानाला एकसंध घरघरीसारखे लागतात. ठोके एक-दोन-तीन असे मोजता येऊ लागले की समजावे, वेग तिसऱ्या हिश्शावर आला. उलट, इंजिन झपाट्याने फिरते आहे पण पेट घेत नाही, तर तो रोग निराळा आहे. त्याचे कारण पेट्रोलात किंवा ठिणगीत शोधावे. या दोहोंची गल्लत करून अनेकजण निरोगी स्टार्टर बदलून बसतात.

मंद फिरण्याने आणखी एक हानी होते, ती मात्र सहसा कोणी सांगत नाही. स्टार्टर अडखळू लागला की तो अधिकच प्रवाह ओढतो, बॅटरीचा दाब खाली येतो, आणि त्याच बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशन कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही. परिणामी ठिणगी दुबळी पडते. शिवाय जुन्या गाडीतील कार्बुरेटरमधून हवा मंद गेल्याने पेट्रोलचे तुषारही नीट होत नाहीत. म्हणजे ज्या वेळी इंजिनास साहाय्याची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वेळी चहूकडून त्याचे हातपाय बांधले जातात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. वडूज येथील आमच्या एका स्नेह्यांनी परदेशी बनावटीची एक जुनी दोन-आसनी गाडी हौसेने बाळगली आहे. पुण्यास तिचे रंगकाम करून घेऊन ते तिला गावी घेऊन आले. सकाळच्या गारव्यात ती कशीबशी सुरू होई. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पुसेगावमार्गे साताऱ्याहून येऊन थांबली की पुन्हा सुरू होण्याचे नाव नसे. स्नेह्यांनी ती नेहमी उतारावर उभी करण्याचा परिपाठ ठेवला. हे वरवर गंमतीचे वाटले तरी त्यात धोका होता. एके दिवशी त्यांच्या वृद्ध मातोश्रींना छातीत कळा येऊ लागल्या आणि तातडीने साताऱ्यास न्यावयाचे होते. दारात गाडी असून शेजारच्यांची जीप मागवावी लागली. मातोश्री बऱ्या झाल्या. परंतु त्यानंतर त्या गाडीत पाऊल ठेवण्यास त्यांनी साफ नकार दिला. तेव्हा स्नेह्यांनी परदेशातून महागडा नवा स्टार्टर मागविण्याचे ठरविले. ‘मागविण्यापूर्वी एकदा मोजून तर पाहू,’ असे आम्ही म्हटले.

मोजण्याचा क्रम असा. साधा व्होल्टमीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन खांबांवर दाब पाहावा. १२.६ व्होल्ट असल्यास ती पूर्ण भरलेली, १२.४ असल्यास सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ असल्यास निम्मी, आणि १२ वर आल्यास जवळजवळ रिकामी समजावी. नंतर कॉइलची तार काढून ठेवून, म्हणजे इंजिन पेट घेणार नाही अशी तजवीज करून, दुसऱ्या मनुष्यास किल्ली फिरविण्यास सांगावे आणि इंजिन फिरत असतानाच पुन्हा दाब पाहावा. तो ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय घ्यावा. मीटरचे टोक खांबावरच टेकवावे, खांबावरील क्लॅम्पवर नव्हे. कारण पुष्कळदा या दोहोंमधील पांढऱ्या-हिरव्या क्षारातच सारा दाब नाहीसा होतो.

आमच्या स्नेह्यांच्या गाडीत स्वस्थ स्थितीत १२.५ व्होल्ट भरले आणि इंजिन फिरत असताना १०.६. अर्थात् बॅटरी निर्दोष होती. त्याच वेळी स्टार्टरचा खांब आणि स्टार्टरचे अंग यांत मात्र केवळ ८.२ व्होल्ट मिळाले. मधले २.४ व्होल्ट कोठे गेले? बॅटरीच्या धन खांबापासून स्टार्टरच्या खांबापर्यंत मोजले तो अर्धा व्होल्ट. हे क्षम्य होते. बॅटरीच्या ऋण खांबापासून स्टार्टरच्या अंगापर्यंत मोजले, तो तेथे १.९ व्होल्ट! जेथे पाव व्होल्टहून अधिक हानी होऊ नये, तेथे जवळजवळ दोन व्होल्टची चोरी होत होती.

याचे कारण सांगण्यासारखे आहे. स्टार्टरपर्यंत जाणाऱ्या जाड तारेकडे सर्वांचे लक्ष असते. पण प्रवाहाला परत बॅटरीकडेही यावयाचे असते, हे विसरले जाते. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते, आणि रबर वीज वाहून नेत नाही. म्हणून इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारा तांब्याच्या वेणीचा एक पट्टा असतो. मिस्त्री त्याला ‘अर्थिंग’ म्हणतात. रंगकाम करणाराने गाडी तर आरशासारखी चकचकीत केली होती, पण हा पट्टा नव्या रंगाच्या थरावरच घट्ट आवळून बसविला होता. मग १५० अँपिअर बिचारे जातील कोठून? ते मिळेल त्या आडवाटेने, चोकच्या बारीक तारेतूनही, वाहत होते. इंजिन काही वेळ फिरविल्यावर ती तार हाताला कोमट लागत असे. अशा तारा पुढे लाल होऊन जळाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा हा दोष नुसता गैरसोयीचा नसून आगीस निमंत्रण देणारा आहे.

सांगाड्यावरील रंग खरवडून लखलखीत धातू उघडा केला, नवा जाड पट्टा बसविला, वरून व्हॅसलिनचा हात फिरविला. यास खर्च आला तो एका जेवणाच्या खर्चाएवढा. पुन्हा मोजता स्टार्टरवर ९.५ व्होल्ट मिळाले, बॅटरीवर १०.३. बॅटरीवरील दाब पूर्वीपेक्षा किंचित् उतरला हे पाहून कोणी दचकू नये. वाट मोकळी झाल्याने प्रवाह अधिक वाहू लागला, त्याचेच ते चिन्ह आहे. ८.२ वरून ९.५ म्हणजे स्टार्टरला मिळणारी शक्ती सुमारे तृतीयांशाने वाढली. सकाळी गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू होऊ लागली.

परंतु भर दुपारी, दूरच्या प्रवासानंतर, ती अद्यापि आळसावतच होती. म्हणजे एक रोग गेला आणि त्याच्या आड दडलेला दुसरा उघडा पडला. उष्णतेने तांब्याचा रोध वाढतो. २० अंशांवरून १०० अंशांवर गेल्यास तो सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. वेगवान गाडीचे बॉनेट ठेंगणे, आतील जागा अरुंद, आणि काही गाड्यांत स्टार्टर तर एक्झॉस्ट नळीच्या अगदी शेजारी. त्यात माणदेश-खटावचा उन्हाळा! इंजिन थांबले की पंख्याची हवाही थांबते आणि सारी उष्णता स्टार्टरच्या अंगात मुरते. दहा मिनिटांच्या चहापानानंतर गाडी हटून बसते ती यामुळेच.

तथापि स्टार्टर काढण्यापूर्वी आणखी एक परीक्षा करावी. गरम इंजिन कॉइलची तार काढून फिरवून पाहावे. तार काढताच ते मोकळेपणाने फिरू लागले, तर दोष स्टार्टरचा नव्हेच. ठिणगी वेळेपूर्वी पडत असल्याने मिश्रण पिस्टनला उलट ढकलीत आहे, असे समजून टायमिंग तपासावे. स्नेह्यांच्या गाडीत तार काढूनही फरक पडला नाही. मग स्टार्टर उतरवून स्टँडजवळच्या कारागिराकडे नेला. आमच्या भागात विहिरीवरील पंपांच्या मोटारी बांधून देणारे हात तयार आहेत. स्टार्टर त्यांना परका नाही. उघडून पाहता कार्बन झिजून बोटाच्या पेराएवढेही उरले नव्हते, आणि दांड्याखालचे पितळी बुश इतके ढिले झाले होते की आर्मेचर फिरताना बाजूच्या लोखंडाला घासत होता. त्यावरील घासल्याच्या चकचकीत खुणा स्पष्ट दिसत होत्या. थंड असताना थोडे घासे, तापून फुगल्यावर अधिक.

येथे दोन मार्ग संभवतात. पहिला दुरुस्तीचा : नवे बुश, नवे कार्बन, आणि कॉम्युटेटरला लेथवर हलका हात. यात पैसा थोडा लागतो आणि गाडीचे मूळ रूप कायम राहते. दुसरा सुधारणेचा. जुन्या स्टार्टरमध्ये आर्मेचर आणि फ्लायव्हीलला भिडणारे दातेरी चाक एकाच दांड्यावर असून एकाच वेगाने फिरतात. नव्या पद्धतीत मोटार लहान असते, ती फार वेगाने फिरते आणि आतील दातेरी चाके तिचा वेग तीन-चार पटींनी कमी करून जोर तितक्याच पटींनी वाढवितात. सायकलवर चढ लागला असता आपण हलका गिअर घालतो, तसेच हे आहे. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने १९६० नंतरच्या दशकात अशी रचना आपल्या गाड्यांत सरसकट आणली आणि पुढे जपानी कारखानदारांनी ती सुबक व हलकी केली. असा स्टार्टर जुन्याच्या मानाने पुष्कळ हलका असतो, आकाराने लहान असल्याने गरम नळीपासून दूर राहू शकतो, आणि तितक्याच कामास प्रवाह कमी ओढतो.

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेल्या एम.जी.बी. या प्रसिद्ध गाडीचे उदाहरण बोधप्रद आहे. तिच्या पूर्वीच्या नमुन्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे असत आणि तेथून तार थेट पुढे इंजिनापर्यंत जाई. तार लांब असली की ती जाडच हवी. चार मीटर लांबीची तांब्याची तार १६ चौरस मिलिमीटरची असेल तर १५० अँपिअरला सुमारे ०.६५ व्होल्ट गमावते. ३५ चौरस मिलिमीटरची असेल तर केवळ ०.३. या गाडीचे अनेक मालक आज नव्या पद्धतीचा स्टार्टर बसवितात, परंतु तार व अर्थिंग जुनीच ठेवल्यास त्या खर्चाचे पुरते चीज होत नाही.

सुधारणेचा मार्ग पत्करणाऱ्यांनी चार गोष्टी जपाव्यात. पहिली, दात्यांची संख्या व आकार. नव्या स्टार्टरचे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या रिंग गिअरशी तंतोतंत जुळले पाहिजे. अन्यथा रिंगचे दाते खाल्ले जातात, आणि ती बदलावयाची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुसरी, फिरण्याची दिशा व ध्रुव. जुन्या कित्येक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचा धन खांब सांगाड्याला जोडलेला असे, एम.जी.बी.मध्येही १९६७ पर्यंत तसेच होते. जुना, तारांच्या वेटोळ्यांचा स्टार्टर ध्रुव उलटले तरी त्याच दिशेने फिरतो, कारण त्यातील दोन्ही चुंबके एकदमच उलटतात. नव्या स्टार्टरात पुष्कळदा कायम चुंबक असते, आणि तो मात्र उलटा फिरू लागतो. तिसरी, सोलेनॉइडची जोडणी. जुन्या गाडीत सोलेनॉइड वेगळा असतो, नव्या स्टार्टरच्या तो पाठीवरच असतो. आळसाने दोन्ही खांब एका तुकड्याने जोडले, तर किल्ली सोडल्यावरही कायम चुंबकाची ती मोटार फिरता फिरता स्वतःच वीज निर्माण करून सोलेनॉइडला क्षणभर धरून ठेवते आणि दाते किरकिरतात. म्हणून जाड तार थेट बॅटरीकडून आणावी आणि किल्लीची बारीक तार स्वतंत्र द्यावी. चौथी, जाड तार गरम नळी व धारदार पत्रा यांपासून दूर बांधावी. तिच्या वाटेत बहुधा फ्यूज नसतो, आणि ती कोठे सांगाड्याला टेकली तर गाडी पेटण्यास वेळ लागत नाही.

काम हाती घेताना बॅटरीची सांगाड्याकडील तार प्रथम सोडावी आणि शेवटी जोडावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने स्फोट पावतो, म्हणून तिच्याजवळ विडीकाडी वर्ज्य. गाडीखाली शिरावयाचे तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. आणि स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. मध्ये निदान मिनिटभर विसावा द्यावा. केटरिंगचे तत्त्व क्षणभराच्या भारापुरतेच खरे आहे, हे विसरता कामा नये.

स्नेह्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला, कारण त्यांची गाडी प्रदर्शनात मांडण्याची नसून रस्त्यावर धावण्याची आहे. जुना स्टार्टर दुरुस्त करून त्यांनी कापडात गुंडाळून ठेवला आहे, जेणेकरून पुढेमागे कोणास गाडी मूळ रूपात हवी झाल्यास ती तशी करता यावी. गेल्या वैशाखात भर दुपारी ती सुरू करून दाखविली, तेव्हा ठोके मोजता आले नाहीत. मातोश्री अद्यापि गाडीत बसलेल्या नाहीत. परंतु गाडी आता उतारावर नव्हे, अंगणात उभी असते.

तात्पर्य, इंजिन मंद फिरू लागले की खिशात हात घालण्यापूर्वी मीटर हातात घ्यावा. आधी बॅटरी, मग तिचे खांब, मग जाणारी वाट, मग परतीची वाट, मग ठिणगीची वेळ, आणि सर्वांत शेवटी स्टार्टर; या क्रमाने गेल्यास बहुतेकांचा शोध परतीच्या वाटेपाशीच संपतो. ज्यांचा तेथे संपत नाही, त्यांनी नवा स्टार्टर खुशाल घ्यावा. त्याला मोकळी वाट आधीच मिळालेली असेल.